इच्छुक

नारायण पेठेत, जिन्याखालच्या आठ बाय दहात
मी अक्षरं जुळवतो.
काका खिळे जुळवायचे, मी माउस हलवतो,
पाठ दोघांची सारखीच गेली.
एरवी लग्नपत्रिका, दशक्रिया, वास्तुशांत.
निवडणूक आली की कार्य-अहवाल.

धायरीकडचा एक प्रभाग, एकच पक्ष,
तिकिटाला तेवीस इच्छुक.
शनिवारी मुलाखती.
शुक्रवारी रात्री पुस्तिका हातात पाहिजे,
सोळा पानी, गुळगुळीत कागद, फोटो मोठा.
फोटो तेवीस जणांचाही मोठा.

पहिला म्हणाला, विकास लिहा.
कसला?
सर्वांगीण.
लिहिलं.
दुसरा म्हणाला, आमचं व्हिजन वेगळं आहे.
काय लिहू?
तेच. व्हिजन वेगळं आहे.

भिलारेबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं,
नवऱ्यानं धाकट्या भावाला फोन लावला,
भाऊ स्पीकरवरून मला म्हणाला,
कुंजीरांचं केलंय ना तुम्ही? तेच घ्या, नाव बदला.
एक बटण दाबलं.
कुंजीर गेले, भिलारे आले, सोळाही पानांत.
जन्मगाव कुंजीरवाडी होतं, त्याचं भिलारेवाडी झालं.
सोलापूर रस्त्यावरचं अख्खं गाव उठून
कात्रज घाटाच्या पायथ्याशी जाऊन बसलं
आणि बाईंनी प्रूफावर सही केली.

पान नऊ सगळ्यांचं एकच:
टँकरमुक्त प्रभाग!
उद्गारचिन्हाखाली सहा ओळी रिकाम्या राहतात.
तिथे मी सिंहगडावरचा सूर्योदय टाकतो.

गुरुवारी तिकोणे आले, पुतणीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला.
पाणीपुरवठ्यात चौतीस वर्षं व्हॉल्व्हमन,
लोखंडी चावी खांद्यावर टाकून सायकलवर हिंडलेले.
पडद्यावरचं पान नऊ त्यांनी चष्मा वर करून वाचलं.
म्हणाले, कसं?
चौदाव्या इच्छुकाचं काम चालू होतं तोवर,
हा प्रश्न दुकानात पहिल्यांदाच आला.

मग त्यांनीच पेन्सिल मागितली.
पत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर रेघ ओढली:
ही बारा इंची, वडगावहून येते.
कालव्यापाशी सहा इंची होते, तिथेच जीव जातो.
हा व्हॉल्व्ह काँक्रीटखाली गाडलाय,
हा गुरुवारी पहाटे चार फेरे उघडला
तर वरच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यापर्यंत चढतं.
उघडत का नाहीत?
वर तीन दुकानांचे ओटे आलेत.
कुणाचे?
त्यांनी पडद्यावरच्या मोठ्या फोटोकडे पाहिलं.
यांच्या मेव्हण्याचे.

मी ते टाइप केलं, मेव्हणा वगळून.
बरोबर सहा ओळींत बसलं.

रात्री अकराला हर्षल आला, तोच, फोटोतला.
उभ्या उभ्याच वाचलं. चांगला मुलगा आहे, चिडला नाही.
म्हणाला, काका, आत चार मिनिटं मिळतात,
दोन नमस्कारात जातात.
एवढं खोलात कोण जातं?
सूर्योदय परत टाकला.

शनिवारी शेवटचा गठ्ठा मीच पोचवला.
हॉलमध्ये कडक इस्त्रीचे तेवीस शर्ट, साड्या,
मांडीवर तीच सोळा पानं.
आतून एकच प्रश्न नीट ऐकू येत होता:
खर्च किती करू शकाल?
तिथे कुणी अडखळलं नाही.
आकडा, तो कुठून उभा राहणार, किती हप्त्यांत,
कुणाच्या नावावर, सगळं पाठ.

सोमवारी तिकोणे प्रूफ परत घेऊन आले.
पुढच्या बाजूला एकच दुरुस्ती होती,
मुहूर्त बारा सत्तावीसचा, तुम्ही सदतीस केलाय.
मागच्या बाजूलाही एक.
'चार फेरे' खोडून
वर बारीक अक्षरात लिहिलं होतं:
साडेचार.