दाखल क्रमांक ४१७

मी म्हापशात कवळ्या बनवतो.
डॉक्टर जबड्याचे ठसे पाठवतात,
मी शेजारच्या दातांकडे बघून
नसलेल्या दाताचा अंदाज बांधतो.
पंचवीस वर्षांत फारसा चुकलेलो नाही.

पण त्या पुस्तकाचं नाव काही बसत नाही.

पुठ्ठा हिरवा. निळाही असेल.
वरून खाकी वेष्टण, त्यावर सगुण मास्तरांच्या बोरूने
फक्त आकडा : ४१७.
आत एक मुलगा, एक तीन डोळ्यांचं यंत्र
(त्यातला एक कायम मिटलेला,
का, ते शेवटी कळणार होतं)
आणि एक तांबडा ग्रह,
जिथली माणसं आवाज बरणीत भरून ठेवत,
दादरा बांधून, लोणच्यासारखे,
अडीनडीला उघडायला.
हे कदाचित मीच घातलं असेल.
वाचनालयातून घरी येताना
खनिजाचे ट्रक अंगावरून जायचे,
चालता चालता वाचायचो, पानांत धूळ बसायची.
आता सांगता येत नाही
कुठली लाली छापलेली
आणि कुठली डिचोलीची.

शेवटचं पान नव्हतं.
यान सुटायच्या बेतात,
यंत्र फळीवर एक पाय ठेवून,
आणि मग थेट पुठ्ठा.

शुक्रवारच्या बाजारात, मयड्याच्या केळ्यांपलीकडे,
कायतान रद्दी घेऊन बसतो.
"नांव?"
नाव ठाऊक असतं तर, बाबा.
"बरोवपी?"
तोही नाही.
"मागीर तुका याद कितें आसा?"
तीन डोळे, म्हटलं.
त्याने ढिगात हात घालून
नेत्ररोगांवरचं एक पुस्तक काढलं. वीस रुपये.
घेतलं. माणूस मनापासून शोधत होता.

खाण बंद पडली, मागोमाग वाचनालय.
कपाटं कुणी नेली, पुस्तकं कुणीच नाही.
मास्तरांच्या सुनेकडे माळ्यावर वही सापडली :
नावांचा रकाना वाळवीने खाल्लेला,
नेणाऱ्यांचा शाबूत.
वाळवीलाही काय लागावं!
४१७ दोघांनीच नेलेलं, एवढ्या वर्षांत.
एक मी.
माझ्या आधी नऊ दिवस, प्रमिला च्यारी.

ती साखळीला असते.
तीस वर्षं वजनकाट्यावर बसून
भरलेल्या ट्रकातून रिकामा ट्रक वजा करत होती,
म्हणाली, आता घरीच.
पुठ्ठा पिवळा होता, म्हणाली.
मुलगा कुठला? मुलगी होती ती.
ग्रह तांबडा नव्हताच, सगळा पाण्याचा.
मी वहीचा आकडा पुन्हा दाखवला.
आम्ही दोन वेगळीच पुस्तकं वाचली की काय!
मग मी बरण्यांचं बोललो
आणि ती खुर्चीत पुढे सरकली.
"बरण्यो आशिल्ल्यो," म्हणाली.
"हय, बरण्यो आशिल्ल्यो."
बराच वेळ दोघंही गप्प.
बाहेर पोदेराचा भोंपू वाजून गेला.

शेवटच्या पानाचं विचारलं
तशी ती चहाचं बघायला आत गेली.
आतूनच सांगितलं :
"तें पान हांवेंच काडलें."
यान सुटणार होतं त्या पानावर.
तिला ते सुटायला नको होतं.
मग पानाचं काय केलं?
"होडी केली. व्हाळात सोडली."
म्हणजे गेलंच की ते, मी म्हणालो.
ती कपबशा घेऊन दारात उभी,
आणि असं हसली
जसं एखादी चाळीस वर्षं लपवलेली चोरी
चहावर फिटल्यावर माणूस हसतं.
डावीकडे, वरच्या ओळीत, एक दात नव्हता.

मिटलेल्या डोळ्याचं विचारायचं राहूनच गेलं,
शेवटची बस साडेसहाची.
पायऱ्या उतरताना तिने हटकलं :
"एका दांताक कितले घेता?"
मी म्हटलं, आधी
शेजारचे बघावे लागतील.