मुरड

चिमूटभर पिवळी पूड, मोहरीहून फिकी.
उजेड तिला सोसत नाही, म्हणून रादमिला
बाटलीला चंदेरी कागद गुंडाळते
आणि वर लिहिते: एकेचाळीस.
चाळिसाव्याचं नाव ती काढत नाही.

ब्रनोत नोव्हेंबरचे चार वाजलेत, म्हणजे रात्रच.

प्लॅटिनमच्या अणूभोवती चार जागा.
दोन अमोनिया एका अंगाला, दोन क्लोरीन दुसऱ्या,
असं असेल तर औषध.
तेच चौघे आडवेतिडवे, जोडीदार समोरासमोर,
तर नुसती महागडी माती.
हे ती पहिल्या वर्षाच्या मुलांना
खाणावळीच्या टेबलाभोवती बसवून शिकवते.
मुलं हसतात. परीक्षेत चुकतात.

रक्तात मीठ असतं, तोवर क्लोरीन जागा सोडत नाही.
पेशीच्या आत मीठ कमी.
तिथे तो उठतो, पाणी येऊन टेकतं, तेही उठतं,
आणि प्लॅटिनम शेजारशेजारच्या दोन ग्वानिनांचे
हात गच्च धरतं.
शिडी वाकते.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
इथे जाळायचं काहीच नाही,
पिळालाच एक मुरड घालायची,
की नक्कल उतरवणारी हावरी पेशी
मध्येच अडावी, मागे-पुढे करावी,
आणि आपणहून आवरतं घ्यावं.

पण औषधाला हावरी कोण, साधी कोण,
हे कुठे कळतं?

खालच्या मजल्यावर याखिम राहतो, नऊ कॅनरींसकट.
सत्ताविसाव्या वर्षी त्याला गाठ निघाली,
सांगू नये अशा जागी.
बादल्या, सलाईन, पुन्हा बादल्या.
वाचला. आता एकोणसाठ.
वरचे सूर तेवढे गेले:
आधी किटलीची शिट्टी, मग दाराची घंटा,
मग पाखरं.
गळा कुणाचा फुगलाय ते बघून
तो ओळखतो, कोण गातंय.

मागच्या वर्षी इस्पितळाने त्याचं रक्त तपासलं.
बत्तीस वर्षांनंतरही प्लॅटिनम सापडलं.
‘अंगठी कधी परवडली नाही,’ तो म्हणाला,
‘हे मात्र कुणी चोरू शकत नाही.’

त्याच्याशी बोलताना रादमिला आवाज खाली उतरवते,
छातीतून, जाड.
सवय इतकी जडली की प्रयोगशाळेतही तशीच बोलते.
नव्या मुलांना वाटतं, बाई रागावल्यात.

एकेचाळीसमध्ये तिने एका अमोनियाच्या जागी
अंगाने भारी, आळशी असं काहीतरी बसवलंय.
कानाच्या नाजूक केसांपर्यंत त्याने पोचू नये,
गाठीपर्यंत मात्र पोचावं.
इतकं ऐकणारा रेणू अजून जन्मलेला नाही.

मंगळवारी जेल धावलं. वाकलेला धागा
जाळीतून रेंगाळत जातो, सरळ धागा पुढे निघतो.
पट्टी मागे राहिली.
ती टाळी वाजवणार होती. वाजवली नाही,
मनालाही मुरड घालावी लागते.
कानाच्या पेशींचा निकाल शुक्रवारी.

आज गुरुवार. याखिमने दार उघडं ठेवलंय.
रविवारी गाण्याची स्पर्धा, नवं पिल्लू न्यायचंय,
आणि त्याला उसने कान हवेत.

ती पिंजऱ्यापाशी ओणवी होते.
‘खालून वर चढतो,’ ती जाड आवाजात सांगते,
‘मग एकाच जागी अडखळतो.’

‘कुठे?’

‘तिसऱ्या वळणावर. थांब, पुन्हा गातोय.’

याखिम पेन्सिल ओली करतो,
वहीत पिल्लाच्या नावापुढे एक बारीक बाक काढतो,
आणि तिच्या तोंडाकडे बघत राहतो.