साल राहिलेली फळी

चिंचोळी एमआयडीसीत, अकरा नंबरच्या शेडमागे
मशीन काढून घेतलेली खोकी पडली आहेत.
चीडच्या फळ्या. वास अजून ओला, टर्पेंटाइनचा.
सोलापुरात येऊन पोचलेलं
एवढंच चीडचं जंगल.

वनखात्यात आहे म्हटलं की लोक बिबट्या विचारतात,
नान्नजला माळढोक दिसला का, विचारतात.
सालीखालचे भुंगेरे मोजते, मी सांगते.
पुढचं कुणी विचारत नाही.

दोन हिवाळे हिमाचलात होते, प्रशिक्षणाला.
तिथे उभ्या झाडाचं मरण ओळखायला शिकले:
शेंडा आधी पिवळट, मग विटकरी,
बुंध्याशी चाळणीतून पडल्यासारखा भुसा,
आणि खोडावर राळेच्या लहान लहान गाठी.
किड्याला बुडवायला झाड राळ सोडतं.
तहानलेल्या झाडाला तेवढंही जमत नाही,
असं तिथला गार्ड म्हणाला, आणि मला
आमच्या नळाचा पाचवा दिवस आठवला.

जंगल आमच्या घरी तसं आधीपासून येत होतं.
तेंदूपानांचे पुडे, ओल्या फडक्यात गुंडाळलेले.
अम्मा कात्रीने पान कापायची,
शिरा सगळ्या सुपात राहायच्या.
मी त्या वेचून वहीत चिकटवायचे.
हे तिला अजून माहीत नाही.

तर, फळी.
तापवल्याचा शिक्का आहे तिच्यावर, गोल, ठसठशीत.
पण कडेला वीतभर साल राहून गेलेली,
आणि शिक्का सालीच्या आत जात नाही.
पटाशीने टोक उचललं.
खाली आईची एक उभी वाट,
दोन्ही अंगांना पोरांच्या आडव्या,
निघताना दोऱ्याएवढ्या, पुढे जाड होत गेलेल्या.
एवढ्या दाटीत
कुणी कुणाला कापत नाही.

तुकडा दोन पिशव्यांत सील केला, चिठ्ठी लावली,
आणि घरी आणला. नियमात बसत नाही.
पण शनिवार होता, आणि लॅबची किल्ली बार्शीला गेलेली.

नान्नांनी एकोणतीस वर्षं जकार्डची कार्डं पाडली.
चादरीवरचा मोर आधी भोकांचा असायचा,
आणि भोकं आधी त्यांच्या अंगठ्याखाली.
मागांनी दोन्ही कान नेले.
त्यांनी पिशवी उजेडाकडे धरली, फिरवली,
उभं-आडवं बघितलं आणि विचारलं,
‘पंचिंग कुणाचं?’

मी हाताने किडा करून दाखवला.
ते हसले नाहीत. बोट ठेवत ठेवत गेले,
ओठ हलत होते, कारखान्यात हलायचे तसे.
‘वाटा एकोणीस. बाहेर पडायची भोकं अठरा.
एक राहिलंय बघ.’

मी मोजलं. दोनदा मोजलं.
मग त्यांनी फळी टेबलावर ठेवली, वर तळहात,
डोळे मिटले.
अम्माने भांडी घासायची थांबवली.
‘चालू आहे,’ ते म्हणाले.

स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ काही नाही,
शेजारची मोटार, माझंच रक्त.
मग, अगदी आत,
वाळूवर नख ओढावं तसं,
थांबून थांबून.

रविवारभर तो तुकडा फ्रिजवर होता.
जाता-येता नान्ना त्यावर हात ठेवायचे.
जेवताना एकदा उठून गेले.

सोमवारी ओव्हन. छप्पन्न अंश गाभ्यापर्यंत, तीस मिनिटं.
नमुना क्रमांक सात, जिवंत अळी एक, असं लिहिलं,
मग ‘जिवंत’च्या आधी ‘तपासणीवेळी’ घातलं.
उरलेल्या खोक्यांची यादी साहेबांकडे.

संध्याकाळी नान्ना दारातच उभे.
पुलीवरून पट्टा उतरवताना हात जसा वळतो
तसा त्यांनी हवेत वळवला
आणि माझ्याकडे बघत राहिले.
मी मान हलवली.

चपला काढेपर्यंत ते काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
‘कार्ड मात्र फेकू नकोस.’