परतीचा तुकडा

तिवरपाड्याला स्टेशन होतं
हे आता फक्त रिक्षावाल्यांना ठाऊक.
"स्टेशन नाका" म्हणतात,
आणि उतरणारा विचारतो, कुठाय स्टेशन?

पेट्रोलपंपाच्या मागे, नाल्याच्या अलीकडे
दगडी चौथरा आहे. तोच.
कौलं बामा भोईरने नेली, रीतसर पावती फाडून.
रूळ लिलावात गेले,
एक तुकडा मागे राहिला, तो त्याच्याच गोठ्याच्या आढ्याला.
दर दिवाळीत त्याला तेल लावतात.

मिठाचे अठरा डबे आणि माणसांचा एक,
दिवसातून दोनदा कळव्यापर्यंत.
उधाणाच्या दिवसांत ड्रायव्हर खाली उतरायचा,
पाण्याखालचे रूळ पायाने चाचपायचा, मग शिट्टी.
मिठागराच्या बांधावरून बाया हात करायच्या,
"गारी थांबव रं!"
थांबायची.
टाइमटेबलात ते कुठे लिहिलेलं नव्हतं.

माझी आत्या पदीबाई, लाइन बंद व्हायच्या दिवशी
सकाळच्या गाडीने कळव्याला गेली, दाढ काढायला.
टिपणीस मास्तरांनी खिडकीतून तिकीट सरकवलं,
जाऊन-येऊनचं.
तारखेचं यंत्र खट्ट वाजलं.
नोटीस खिडकीशेजारीच चिकटवलेली.
आत्याला वाचता येत नव्हतं.
मास्तरांना येत होतं.

संध्याकाळी ती रुळांवरूनच चालत आली,
गाल सुजलेला,
दाढ पदराच्या गाठीत.
खाडीवरच्या पुलावर म्हणे स्लीपर मोजत,
एकशे बारा, आणि मग चुकली.
फलाटावर मास्तर उभे. हातात कंदील.
कोणत्या गाडीसाठी, कोण जाणे.
काही बोलले नाहीत,
सवयीने तिकिटासाठी हात पुढे केला.

"गारी आयलीच नाय," आत्या म्हणाली,
"मंग तिकीट कशाला देऊ?"

मास्तर हसले की रडले
हे ती दर वेळी वेगळं सांगायची.

पुढे सिडकोची मोजणी आली.
मोबदल्याच्या टेबलावर आत्याने पिशवी उपडी केली:
सातबारा, पावत्या, रेशनकार्ड,
आणि पुठ्ठ्याचा तो अर्धा तुकडा.
साहेबांनी पेनाच्या टोकाने बाजूला सारला.
हे चालत नाही, बाई.
"आर्धा बाकी हाय," ती म्हणाली,
आणि उचलून परत कनवटीला लावला.

आता तो माझ्याकडे आहे.
रंग गेला. तारीख उन्हात धरली तरच दिसते.
"तिवरपाडा" मात्र स्वच्छ वाचता येतं.
कोपऱ्याला चिमट्याचं भोक नाही.