तपासनीस

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
तावावर तिरपा उजेड पाडून पाहत आलो.
शाई कुठं सांडली, रेघ कुठं हलली,
हिरव्याची निळ्याशी शिवण सुटली का.
जो ताव बाकीच्यांसारखा नाही
त्याच्या कोपऱ्यात लाल पेन्सिल.
रद्द.
रद्द झालेल्यांचाही हिशेब लागायचा.
एक जरी कमी भरला
तर भोंगा वाजून गेला तरी पाळी सुटत नसे.

आता जेल रोडला दुसरा मजला, पूर्वेची खिडकी,
आणि खिडकीपासून दोन हात आत
ही.

मखमलाबाद नाक्याच्या पुढं काकडबाईंची नर्सरी.
नाव त्यांनाही धड सांगता येईना.
"लांबलचक आहे, दादा, जिभेवर बसत नाही.
पण भाऊबंदकी विचाराल तर द्राक्षाशी.
बाळ्या बघा ना."
बघितल्या. लाल, दोऱ्यासारख्या,
हवेत काहीतरी चाचपडणाऱ्या.
"घड लागतात?"
"हिला नाही विचारायचं तसलं. ही दिसायला."
दीडशे रुपये.
नोटा मी सवयीनं उजेडात धरून मग दिल्या.
बाई हसल्या.

घरी येऊन भिंग काढलं.
कडेला मखमली हिरवं, त्यावर रुपेरी थेंब,
मधल्या शिरेलगत जांभळं,
आणि पालथं करावं तर
जांभळं खाल्लेल्या पोराची जीभ.
एका पानाशेजारी दुसरं धरलं:
रुपेरी सरकलेलं.
तिसऱ्यात जांभळ्यानं हद्द ओलांडलेली.
बावीस पानं. एकही एकासारखं नाही.
हात खिशाकडं गेला, पेन्सिलीसाठी.

शिकलो हळूहळू.
उन्हाची तिरीप थेट लागली की रुपेरी करपतं.
पाणी, वरची माती बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत सुकली की मगच,
तेही रात्रभर बादलीत निवांत बसलेलं.
काथ्याची काठी बाळी आपली आपण धरते.
आपण बांधून दिली
तर दोन दिवस तोंड फिरवून बसते.
दिवाळीला एकेचाळीस पानं होती.

कौतिका म्हणाली, माझ्या ब्लाउजपिसाच्या मॅचिंगला
कधी एवढा वेळ दिला नाही तुम्ही.
खरं आहे. दिला असता
तर मेन रोडच्या एकाही दुकानातून
आम्ही काही घेऊन परतलो नसतो.

पौषात निफाडकडं पारा पाचावर आला.
बागांमधून रात्री शेकोट्या पेटल्या,
थोरल्या पातीसाठी माणसं जागत होती.
धाकट्या पातीचं काय?
मी कुंडी उचलून न्हाणीघरात नेली,
गिझरखाली, वाफेत.
आमच्या आंघोळी तिच्या सोयीनं.

तरी गळाली.
सकाळी फरशीवर दोन, कधी पाच.
मी वेचून वहीत लिहायचो,
तारीख, संख्या, सही.
एकेचाळिसावं पडलं
तेव्हा हिशेब बरोबर जुळला,
आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा वाटलं
जुळायला नको होता.

"काडीच राहिली नुसती. टाका आता."
मी नखानं साल खरवडली, तिळाएवढी.
आत हिरवं.
आमच्या कुठल्याच डब्यात
हे हिरवं नव्हतं.

मग बरेच दिवस काही नाही.
कुंडी बाहेर, कुंडी आत.
एकदा कौतिकानंच चहाच्या पातेल्यातलं कोमट पाणी
माझ्या नकळत घातलं होतं. ओशाळली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी डोळा फुटला.
तांबूस, चुरगळलेलं, ओलसर,
उलगडायला आठवडा लागला.
भिंग घेऊन बसलो.
कौतिका टॉर्च धरून.
"कसंय?"
"डाव्या बाजूला रुपेरी उमटलंच नाही."
"मग?"
मी भिंग तिच्या हातात दिलं.
तिनं पान पाहायच्या आधी
माझ्या अंगठ्यावर धरलं ते, बराच वेळ.
म्हणाली, इथं अजून शाई आहे की हो.