रुमालाखालची बोटं

सावद्याच्या गुरांच्या बाजारात
वडील तोंडाने हवापाण्याचं बोलायचे
आणि रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबायचे.
एक बोट म्हणजे हजार, अर्धं पेर म्हणजे पाचशे.
मुठीत धरलेला अंगठा म्हणजे काय,
ते मला कधी सांगितलं नाही.
मला नुसता रुमाल हलताना दिसायचा.
म्हैस शेपटी झटकत उभी,
जणू तिचा या प्रकाराशी संबंधच नाही.

आता मी पॅकहाऊसमध्ये कागद भरते.
केळी. शून्य आठ शून्य तीन.
खोक्यात तेरा किलो, कंटेनरात पंधराशे चाळीस खोकी,
आत साडेतेरा अंश, बाहेर रावेरात सेहेचाळीस.
तिकडे कुठल्याशा राजधानीत
चर्चेची सहावी फेरी चालली आहे.
आपल्या केळीवरचा कर त्यांनी उतरवायचा,
त्यांच्या सफरचंदावरचा आपण.
बातमीत दोन झेंडे, पाण्याच्या बाटल्या,
आणि टेबलावरचं हिरवं कापड
पार जमिनीपर्यंत आलेलं.

काल दिल्लीहून एका बाईंचा फोन आला. आवाज दमलेला.
पंधराचा कर कितीवर आला तर परवडेल तुम्हाला?
प्रल्हाद नेहेते घडाचा दांडा धरून उभे होते, त्यांना विचारलं.
"तिले सांग, टक्क्याचं मंग पाहू. दिवस कोनता, ते इच्यार.
माल काय टेबलावर बसी राह्यतो?"
दिवसाचं बाईंना माहीत नव्हतं.
मी म्हटलं, पाच लिहा.
वडील असते तर आधी शून्य दाबलं असतं.
पण शून्याला बोट कुठलं?

अर्जात एक रकाना आहे: उगम.
सवलत हवी तर माल संपूर्णपणे इथलाच हवा.
रोप जळगावचं, बाटलीत वाढलेलं.
पाणी तापीचं, म्हणजे थेट मुलताईपासूनचं.
फण्या कापते ती रुमली पावरा,
तिच्या पाड्यात राज्याची हद्द चुलीजवळून जाते.
पुठ्ठा वापीचा. चिकटपट्टी कुठली, देव जाणे.
गाडी गुलशेर तडवीची,
म्हणजे अजून बावीस हप्ते बँकेची.
मी लिहिते, भारत.
रकान्यात तेवढंच मावतं.

संध्याकाळी निरोप आला:
चर्चा सौहार्दपूर्ण झाली, पुढची फेरी आश्विनात.
गुलशेरने विचारलं, निघू का?
आतल्या पंख्याची घरघर चालू होती,
पिकणं थोडं लांबवता येतं, एवढंच.

मला एकदम आठवलं. नेहेत्यांना विचारलं,
काका, रुमालाखाली अंगठा धरला तर?
ते हसले. चिकाने काळी झालेली बोटं
पँटला पुसत म्हणाले,
"त्याचा अर्थ, उद्या ये."

मी सवलतीचा रकाना रिकामा सोडला,
पूर्ण कराचा आकडा घातला,
शिक्का मारला.
रुमली नळाखाली हात धरून
पुढचा घड कधी येतोय ते बघत होती.