दोन्हीकडे सतरा

वार्डोच्या धक्क्यावर डिसेंबरात
भर दुपारीही दिवे लागलेले.
ओड्वारच्या बोटीवर पडदे दोन:
वर सुकाणूपाशी एक, खाली जाळ्यांजवळ एक.
तळाची खोली मोजणारं यंत्र
एकदाच बोलतं, गटातल्या सगळ्यांसाठी.
वरच्याला ऐकू येतं.
खालचा काळाठिक्कर.

आस्लाउग कर्नल उघडून बसली.
तिसऱ्या रात्री सापडला वाढपी,
पहिल्याच पानावर पातेलं पालथं करून
पंगतीतून निघून गेलेला.
‘ब्रेक’ एवढा एक शब्द तिनं खोडला.

खाली उमटलं:
चार हजार तीनशे बावन्न मीटर.
बंदरात!
ओड्वार हसला नाही,
नांगराचा दोर चाचपून आला.

प्रत म्हणून दिलेलं
एकच ताट होतं, पुढे पुढे सरकवलेलं.
पहिल्यानं वाचताना बाइट उलटे केले
नि उष्टं तसंच दुसऱ्याला.

मग ज्याची त्याची वेगळी प्रत.
मूळ पॅकेट शेवटच्यासाठी राखलं.

फोन आला पहाटे
(पहाट म्हणायची, अंधार तोच).
“दोन्हीकडे सतरा,” ओड्वार म्हणाला
आणि फोन फळीवर तसाच चालू ठेवून गेला.
ती ऐकत राहिली
इंजिन, समुद्रपक्षी,
कुणीतरी बर्फ खरवडतंय.

कुणाला उद्देशून नव्हतं ते.